तिन्हीसांजेला आई घरी येते तेव्हा

खुरपणीचे दिवस आहेत. दिवसभर वाकून कंबर धरलेली बाई दिवस कलताना घराकडे येते. डोक्यावर गवताचा भारा, हातात खुरपे, मनात चुलीचा आणि धारेचा हिशेब. अंगणात तिचे वर्षा-सव्वा वर्षाचे मूल आजीच्या मांडीवर बसलेले असते. आईला पाहून ते काय करते, हे कधी नीट पाहिले आहे का?

तीन घरांत तीन तऱ्हा दिसतील. पहिल्या घरातले मूल आईला पाहताच हात पसरते, दोन हुंदके देते. आई भारा टाकून त्याला उचलते. ते तिच्या मानेत तोंड खुपसते आणि पाच मिनिटांत खाली उतरून पुन्हा कोंबड्यांच्या मागे लागते. दुसऱ्या घरातले मूल आईकडे झेपावते खरे, पण उचलले की लाथा झाडते आणि खाली ठेवले की आणखी रडते. चूल पेटवताना पदर सोडत नाही. घरची माणसे म्हणतात, "भारीच किरकिरं आहे." तिसऱ्या घरातले मूल आईला पाहून न पाहिल्यासारखे करते. मान फिरवते आणि हातातली डबी वाजवत राहते. आजी कौतुकाने शेजारणीला सांगते, "लई शहाणं पोर. आई असो की नसो, रडायचं नाव नाही."

तिन्ही घरच्या आया सारख्याच कष्टाच्या आहेत. तिघींचाही जीव मुलात अडकलेला आहे. मग मुलांच्या वागण्यात हा फरक का पडावा? आणि तिसऱ्या घरातले मूल खरोखरच शहाणे म्हणावे काय?

या प्रश्नामागे एका बाईने आपले सारे आयुष्य घातले. तिचे नाव मेरी एन्सवर्थ. जन्म अमेरिकेतला, १९१३ सालचा. शिक्षण कॅनडात झाले. मानसशास्त्र हा तिचा विषय. पण तिच्या या कामाची सुरुवात शहरातल्या प्रयोगशाळेत झाली नाही. ती झाली आफ्रिकेतल्या शेतकरी घरांत. म्हणून ही हकीकत आपल्या वाचक भगिनींना मुद्दाम सांगावीशी वाटते.

केळीच्या बागांमधला अभ्यास

१९५४ साली ही बाई नवऱ्याच्या नोकरीच्या निमित्ताने युगांडा देशात गेली. कंपाला शहराच्या आसपासच्या खेड्यांत गांडा लोकांची वस्ती. घराला लागून केळीची बाग. हिरवी केळी वाफवून, कुसकरून खायची, हे त्यांचे रोजचे जेवण. कॉफी आणि कापूस ही विकायची पिके. केळीची बाग राखायची, कुदळीने खणायची, ती बहुतेक बायांनीच. थोडक्यात, आपल्यासारखीच कामाची माणसे.

त्या लोकांत एक जुनी चाल होती. मुलाचे अंगावरचे दूध तोडले की त्याला काही दिवस आजीकडे किंवा नातलगांकडे पाठवायचे. आपल्याकडेही दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी थोरल्याला आजोळी ठेवतात, तसेच काहीसे. अशा ताटातुटीने मुलावर काय परिणाम होतो, हे बाईंना पाहायचे होते. प्रत्यक्षात दिसले असे की बऱ्याच घरांत ही चाल आता राहिलेली नव्हती. मग बाईंनी पाहणीचा रोख बदलला. बाळ आणि आई यांचे नाते मुळात जुळते कसे, तेच त्या पाहू लागल्या.

सव्वीस कुटुंबे आणि त्यांतली अठ्ठावीस बाळे त्यांनी निवडली. दर पंधरवड्याला एका घरी दुपारच्या वेळी जायचे, दुभाष्या बाईला सोबत न्यायचे, दोन तास बसायचे, आईशी बोलायचे आणि बाळाकडे पाहत राहायचे. असे नऊ-नऊ महिने चालले. यावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले.

त्या अठ्ठावीस बाळांपैकी सोळा बाळे आईच्या बाबतीत निर्धास्त होती. आई जवळ असली की खुशाल रांगत दूर जात, मध्येच वळून पाहत, भ्याली की तिच्याकडे धाव घेत. सात बाळे धास्तावलेली होती. आईने घेतले तरी रडत. पाच बाळांची आईशी म्हणावी तशी ओढच अजून बसलेली नव्हती.

आता खरी गंमत पुढेच आहे. कोणत्या आयांची बाळे निर्धास्त निघाली? बाळाला घड्याळ लावून पाजतात की मागेल तेव्हा पाजतात, यावरून फरक दिसला नाही. बाळाला सांभाळणारे हात एक की चार, यावरूनही दिसला नाही. फरक दिसला तो एका साध्याच गोष्टीत. काही आया बाळाबद्दल विचारले की आपणहून भरभरून सांगत. ते केव्हा हसते, कशाला भिते, भुकेचे रडणे कसे आणि झोपेचे कसे, हे सारे त्यांनी टिपलेले असे. काही आयांना मात्र सांगण्यासारखे फारसे सुचत नसे, कारण ते बारकावे त्यांच्या नजरेतून निसटलेले असत. ज्या आयांचे आपल्या बाळावर असे बारीक लक्ष होते, त्यांची बाळे बहुतेक निर्धास्त होती.

याचा अर्थ आईचा सहवास लागतच नाही असा नव्हे. आई बाळाचे जितके अधिक करी, तितका फायदा दिसलाच. पण नुसते जवळ असणे वेगळे आणि लक्ष असणे वेगळे. एकाच खोलीत दिवसभर राहूनही बाळाची हाक कानाआड जाऊ शकते.

चार गोष्टींचे लक्ष

पुढे अमेरिकेत बाल्टिमोर शहरी बाईंनी पुन्हा सव्वीस कुटुंबे निवडली. बाळ जन्मल्यापासून वर्षाचे होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी त्यांची माणसे घरी जाऊन चार-चार तास बसत. हे लक्ष म्हणजे नेमके काय, ते या पाहणीतून स्पष्ट झाले. त्यात चार गोष्टी येतात.

पहिली, बाळाची खूण दिसणे. दुसरी, तिचा अर्थ बरोबर लागणे. तिसरी, वेळेवर जबाब देणे. चौथी, तो जबाब त्या खुणेला जुळणारा असणे.

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. भर दुपारी कपाशीने पाने टाकली तर जाणता माणूस लगेच पाणी धरत नाही. उन्हाने पाने मलूल झाली आहेत, सांजेला उभारी धरतील, हे त्याला ठाऊक असते. सकाळच्या पारीही पाने पडलेली दिसली, तर मात्र पीक तहानले आहे हे तो ओळखतो. पान तेच, खूणही तीच, पण वेळ पाहून अर्थ लावावा लागतो. बाळाचेही असेच आहे. भुकेने रडणाऱ्याला खुळखुळा दाखवला आणि झोप आलेल्याला बळेच पाजले, तर आई धावली खरी, पण जबाब जुळला नाही. खेळून दमलेले बाळ मान फिरवते. ती त्याची "आता पुरे" म्हणायची रीत असते. तेव्हा त्याला पुन्हा पुन्हा हसवायला जाणे म्हणजे त्याचे न ऐकणेच.

दूध पाजले, न्हाऊ-माखू घातले की झाले, असेही पुष्कळांना वाटते. हॅरी हार्लो नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली माकडाच्या पिलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, तिच्या अंगाला दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडाची, तिच्यापाशी दूध नाही. पिले तारेच्या आईजवळ दूध पिण्यापुरती जात आणि बाकी सारा वेळ कापडी आईला बिलगून बसत. भ्याली तरी तिच्याकडेच पळत. पोट भरणे आणि आधार मिळणे या दोन वेगळ्या भुका आहेत, हे त्यातून जगाला कळले.

मेंढपाळाला माहीत असते की मेंढी व्याल्यावर पहिल्या काही तासांतच तिचे नि कोकराचे नाते बसते. ती वेळ चुकली तर मेंढी आपलेच कोकरू जवळ घेत नाही. माणसाचे तसे नाही, हे आपले भाग्य. आपले नाते एका दिवसात बसत नाही आणि एका दिवसात तुटतही नाही. रोजच्या लहान-लहान देवघेवीतून ते विणले जाते. सहा-सात महिन्यांच्या सुमारास बाळ माणसे निवडू लागते, परका माणूस पाहून तोंड लपवते, आई नजरेआड झाली की शोधते. काही जणींना तेव्हा वाटते, "आधी कुणाकडेही जायचं, आता बिघडलं." ते बिघडलेले नसते. त्याला आपले माणूस कळू लागलेले असते.

शहाणे मूल, किरकिरे मूल

बाल्टिमोरमध्ये बाईंनी एक छोटी परीक्षा बसवली. वर्षाच्या मुलाला आईबरोबर खेळण्यांच्या अनोळखी खोलीत आणायचे. एक परकी बाई आत येते. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. पुन्हा एकदा जाते आणि परत येते. सारा खेळ वीसेक मिनिटांचा. आई गेल्यावर मूल किती रडते, यावरून आपण अंदाज बांधू. पण बाईंच्या ध्यानात आले की खरी गोम आहे ती आई परत आल्यावर. निर्धास्त मूल आई आल्यावर तिच्याकडे जाते, निवते आणि पुन्हा खेळू लागते. दुसऱ्या तऱ्हेचे मूल चिकटते, चिडते, पण निवत नाही. तिसऱ्या तऱ्हेचे मूल आईकडे पाठ करते.

म्हणजे आपल्या अंगणातलीच ती तीन मुले!

त्यातल्या "शहाण्या" मुलाबद्दल पुढच्या अभ्यासकांनी एक गोष्ट शोधून काढली. वरून शांत दिसणाऱ्या अशा मुलांच्या छातीचे ठोके मोजले, तर तेही आईच्या जाण्या-येण्याने वाढलेले आढळले. मूल आतून घाबरलेले असते. ते दाखवून उपयोग नाही एवढेच त्याने शिकलेले असते. किरकिऱ्या मुलाचे वेगळे. त्याची हाक कधी ऐकली जाते, कधी नाही. म्हणून ते आवाज चढवूनच बसते, न जाणो आई पुन्हा हातची जाईल!

मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका दिवसाच्या वागण्यावरून आपल्या किंवा शेजारणीच्या मुलाला शिक्का मारू नये. मूल दमलेले असेल, तापलेले असेल, स्वभावानेच शांत असेल. जे पुष्कळ दिवस, पुन्हा पुन्हा दिसते तेच धरावे.

उचलून घेतल्याने सवय लागते काय?

आपल्याकडे म्हण आहे, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. आणि त्याच तोंडाने आपण म्हणतो, "रडू दे, उचललं की सवय लागते." मुलाने करावे तरी काय?

बाईंनी आणि त्यांच्या सहकारी बाईंनी १९७२ साली लिहिले की पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याकडे लवकर लक्ष दिले गेले, ती बाळे वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. यावर पुष्कळ वाद झाला. हॉलंडमधल्या १९९१ च्या अभ्यासात ते तसेच्या तसे आढळले नाही. किरकोळ कुरकुरीला जरा थांबून पाहिले तर बाळ आपले आपण सावरते, असे त्यात दिसले. दोन्ही गोष्टी जाणत्या आजीला ठाऊकच असतात. कुरकुर निराळी आणि टाहो निराळा. कुरकुरीला क्षणभर थांबावे, टाहोला उठावे. पण तान्हे बाळ "शिकावे" म्हणून त्याला रडवत ठेवण्यात काही अर्थ नाही.

अंगावर वागवण्याबद्दल तर पुरावा चांगलाच आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहरी ९९ आया-बाळांवर केलेला अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. रडत नसतानाही ज्या बाळांना जास्त वेळ कडेवर, अंगावर वागवले, ती सहा आठवड्यांची असताना इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडली. १९९० साली न्यूयॉर्कमधल्या गरीब घरच्या आयांचा अभ्यास आला. काही आयांना बाळ अंगावर बांधायची मऊ झोळी दिली, काहींना बाळाला बसवायची प्लॅस्टिकची खुर्ची दिली. मुले तेरा महिन्यांची झाल्यावर पाहिले, तर झोळीवाल्यांपैकी ८३ टक्के आणि खुर्चीवाल्यांपैकी ३८ टक्के मुले निर्धास्त होती. आया थोड्याच होत्या, तेव्हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. पण पदराच्या ओटीत बाळ वागवणाऱ्या आपल्या आजी-पणज्या अडाणी नव्हत्या, एवढे यावरून म्हणता येईल.

हे शिकता येते

कुणी म्हणेल, ज्या आईला हे उपजत येत नाही तिने काय करावे? हॉलंडमध्ये एका अभ्यासात गरीब घरांतली शंभर रडकी, लवकर चिडणारी बाळे निवडली. असे बाळ सांभाळणे सोपे नसते. आईही थकते आणि हळूहळू त्याच्या हाकेला दाद देईनाशी होते. त्यातल्या निम्म्या आयांकडे, बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना, फक्त तीन वेळा जाणती बाई घरी गेली. तिने उपदेश केला नाही. बाळ आत्ता काय सांगते आहे ते आईबरोबर बसून पाहिले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भेटी मिळालेल्या घरांत निम्म्याहून बरीच अधिक मुले वर्षाअखेर निर्धास्त निघाली; भेटी न मिळालेल्या घरांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास. केवळ तीन भेटींनी एवढा फरक! तेव्हा जाणती सासू, अंगणवाडीची ताई, आशाताई यांनी नव्या आईला नावे ठेवण्याऐवजी तिच्याजवळ बसून बाळाकडे बोट दाखवावे. "बघ, मान फिरवतंय. दमलं असेल." एवढे एक वाक्य पुष्कळ काम करून जाते.

आणि आईने मनाला लावून घेऊ नये. १९९७ साली ६६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आईच्या लक्षाचा आणि मुलाच्या निर्धास्तपणाचा संबंध पक्का ठरला, पण तो मध्यम आहे असेही दिसले. मुलाचा स्वभाव, बाप, घरातली ओढाताण, गरिबी, आजारपण या साऱ्यांचा हात त्यात असतो. चांगल्यातल्या चांगल्या आईचाही अंदाज दिवसातून कितीदा तरी चुकतो. चुकले, कळले आणि पुन्हा जवळ घेतले, यातूनही मूल शिकतेच की तुटलेले सांधता येते.

कामाच्या घरात काय करता येईल?

पेरणी-काढणीच्या दिवसांत आईला मुलापाशी बसायला सवड नसते. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे बाळ तर फडाच्या कडेला झोळीत असते. तिला "बाळाकडे लक्ष दे" म्हणून सांगणे सोपे आहे. पण दिवसभर लक्ष द्या असे कुणी म्हणत नाही. थोड्या वेळा सांभाळाव्यात.

पहिली वेळ जाण्याची. मुलाचा डोळा चुकवून जाऊ नये. "रानात जाते, सांजेला येते" असे सांगून जावे. ते रडेल, रडू द्यावे. ज्याच्या मांडीवर ठेवले त्याने समजूत घालावी. गुपचूप गेलेली आई कधीही नाहीशी होऊ शकते, असे मूल समजते आणि मग ती घरात असतानाही पदर सोडत नाही.

दुसरी वेळ येण्याची. भारा टाकला, हातपाय धुतले की आधी मूल घ्यावे, मग चूल. दहा मिनिटे पुरतात. त्या वेळी हातात मोबाईल नसावा. मूल रुसले, मान फिरवली, तर "जा, नको तर नको" म्हणू नये. जवळ बसून वाट पाहावी.

तिसरी वेळ दूध तोडण्याची. एकाच दिवशी कडू लावून दूध तोडणे आणि त्याच दिवशी आजोळी पाठवणे, असे दोन घाव एकदम घालू नयेत. थोडे थोडे करत तोडावे, आणि दूध सुटले तरी मांडी सुटू देऊ नये. नव्या बाळंतपणासाठी थोरल्याला आजोळी ठेवायचेच असेल, तर आधी आईबरोबर चार दिवस राहून त्याला तिथल्या माणसांची ओळख करून द्यावी.

मूल इस्पितळात ठेवायची पाळी आली, तर घरचे एक ओळखीचे माणूस सतत त्याच्याजवळ हवे. पूर्वी इंग्लंडमध्ये आईबापांना भेटीची बंदी असे. आठ दिवस एकट्याने इस्पितळात काढणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलीचा एक चित्रपट जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली दाखवला. त्यातले तिचे गप्प गप्प होत जाणे पाहून लोक हळहळले. पुढे १९५९ च्या सरकारी अहवालाने अशी बंदी उठवावी असे सांगितले.

बाळंतपणानंतर आई आठवडेच्या आठवडे उदास असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर तो तिचा आळस किंवा नखरा समजू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपाय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

शेवटी घरच्या इतर माणसांसाठी. युगांडातली बहुतेक बाळे आईबरोबरच बाप, आजी, थोरली भावंडे यांच्याशीही जोडलेली होती. आजीची मांडी आईची जागा हिसकावत नाही, तिच्या जोडीला उभी राहते. बापाने मूल कडेवर घेतले तर त्याची पत जात नाही. आणि ज्या घरात सून दिवसभर राबून आल्या पावली चुलीपुढे बसते, तिथे तिने बाळाची हाक ऐकावी तरी कशी? तिने ती ऐकावी असे वाटत असेल, तर संध्याकाळची ती दहा मिनिटे तिला घराने काढून दिली पाहिजेत. भारा कुणी उतरवावा, चहाचे आधण कुणी ठेवावे, म्हशीपुढे वैरण कुणी टाकावी.

आज तिन्हीसांजेला आपल्या अंगणातले मूल जरा निरखून पाहा. आई दिसल्यावर त्याने हात पसरले, तर त्या वेळी तिचे हात मोकळे असावेत, एवढे पाहा.